लाल ठिपका आणि दारावरची टकटक

तुमच्या जिन्याखाली किंवा दाराशेजारी एक छोटीशी पेटी आहे. विजेचा मीटर. रोज तुम्ही तिच्यासमोरून धावत शाळेला जाता. आज परत येताना दोन मिनिटं तिच्यासमोर थांबा. घरातलं कुणी मोठं माणूस बरोबर घ्या आणि हात अजिबात लावू नका. आपल्याला फक्त बघायचंय.

दिसला का तो बारीक लाल ठिपका? लुक्… लुक्… लुक्…

तो मोजतोय! घरात वीज शिरली की तो लुकलुकतो. रात्री सगळे झोपले तरी त्याचं काम चालूच.

तुमच्या घराची मोजणी करणारं आणखी कुणीतरी आहे, एक माणूस. ते मात्र रोज दिसत नाही. पुष्कळ वर्षांनी एकदा येतं, दारावर टकटक करतं आणि म्हणतं, "नमस्कार, मी जनगणनेसाठी आले आहे."

आजची गोष्ट या दोघांची. आणि अशा आकड्यांवर जिचं बरंचसं कामकाज अवलंबून असतं, त्या आपल्या महानगरपालिकेची.

ठिपक्याची भाषा

मीटरवर ठिपक्याजवळ एक आकडा छापलेला असतो. माझ्या मीटरवर ३२०० आहे. काहींवर १६०० असतो, काहींवर ६४००. ३२०० याचा अर्थ असा, की ठिपका ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट वीज खर्च झाली. आणि एक युनिट म्हणजे १००० वॅटचं यंत्र तासभर चालवायला लागणारी वीज.

ही भाषा कळली आणि मी व माझ्या भाचीने एका रविवारी दुपारी प्रयोगच मांडला. ती घड्याळ घेऊन मीटरपाशी उभी राहिली. मी घरभर फिरून एकेक बटण बंद केलं. दिवे, पंखे, थोड्या वेळापुरता फ्रीजसुद्धा.

"झालं सगळं बंद!" मी ओरडले.

"थांब, थांब," ती म्हणाली. मिनिटभर शांतता. दीड मिनिट. दोन मिनिटं होत आली आणि लुक्!

"मावशी, काहीतरी चालूच आहे!"

मग आमची शोधाशोध सुरू झाली. चोर सापडला टीव्हीच्या मागे. सेट-टॉप बॉक्स! टीव्ही रिमोटने बंद होता, पण तो डबा भिंतीच्या बटणावर जागाच होता आणि दहाएक वॅट खात होता. ते बटण बंद केलं तेव्हा कुठे ठिपका गप्प झाला.

मग आम्ही एकेक वस्तू पाळीपाळीने चालू केली. खोलीतला जुना पंखा ७५ वॅटचा. ठिपका दर पंधरा सेकंदांनी लुकलुकायला लागला. तो बंद करून दिवाणखान्यातला नवा पंखा लावला. तो ३० वॅटचा. आता एका लुकलुकीपासून दुसरीपर्यंत तब्बल सदतीस सेकंद! वारा तेवढाच. शेवटी इस्त्री लावली, १००० वॅटची. ठिपका जवळजवळ दर सेकंदाला लुकलुकू लागला. भाची मोजता मोजता दमली.

दोन पंख्यांत एवढा फरक कसा? जुना पंखा बराच वेळ फिरला की त्याच्या मधल्या वाटीतली मोटर गरम होते. ती उष्णता आपल्याला नको असते, पण बिल तिचंही येतं. जुन्या मोटरीच्या फिरत्या भागात चुंबकत्व तयार करण्यासाठी सतत वीज खर्च करावी लागते. नव्या पंख्याच्या मोटरीत कायमचे चुंबकच बसवलेले असतात. त्यामुळे ती वीज वाचते आणि मोटर फारशी तापत नाही. जुना पिवळा बल्ब जाऊन एलईडी आला, तेव्हाही हेच घडलं. ६० वॅटच्या बल्बमधली बहुतेक वीज उष्णतेत जायची. तेवढाच उजेड एलईडी ९ वॅटमध्ये देतो.

गुणिले पुणे

"पण एक पंखा बदलून काय होणार?" भाचीने विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. कागद-पेन घेऊन आम्ही बसलो.

जुन्या पंख्याऐवजी नवा लावला, की ४५ वॅट वाचतात. दिवसाला दहा तास पंखा चालला तर वाचली ०.४५ युनिट. अर्धं युनिटसुद्धा नाही. त्यात कसली मोठी गोष्ट?

आता आमचं शहर घेऊ, पुणे. २०११च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत ३१,२४,४५८ माणसं होती. चार माणसांचं एक घर धरलं, तर झाली सुमारे ७ लाख ८० हजार घरं. प्रत्येक घराने फक्त एक पंखा बदलला तर?

०.४५ गुणिले ७,८०,००० बरोबर ३ लाख ५१ हजार युनिट. रोज!

महाराष्ट्रातली बरीचशी वीज कोळसा जाळून तयार होते. चंद्रपूरच्या मोठ्या औष्णिक वीजकेंद्राबद्दल तुम्ही भूगोलात वाचलं असेल. एका युनिटला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. ही सगळी वीज कोळशाची धरली, तर आमच्या हिशेबात रोजचा सव्वादोनशे टनांहून जास्त कोळसा वाचला. मालगाडीच्या डब्याला मराठीत फार झकास नाव आहे, वाघीण. एका वाघिणीत साठेक टन कोळसा मावतो. एकेक पंखा बदलून पुणेकर रोज जवळजवळ चार वाघिणी वाचवू शकतात!

भाचीने 'चार वाघिणी' शब्दाखाली चार पट्टेरी वाघिणी काढल्या. मग पेन्सिल थांबवून तिने विचारलं, "पण मावशी, घरं खरंच किती आहेत? आपण तर अंदाज केला."

इथे लाल ठिपक्याचं शहाणपण संपतं. मीटर किती आहेत हे वीज पुरवणाऱ्या महावितरण कंपनीला ठाऊक असतं. पण मीटरमागे माणसं किती, हे मीटर सांगू शकत नाही. कुलूप लागलेल्या फ्लॅटलाही मीटर असतो आणि एकाच मीटरवर चार बिऱ्हाडंही नांदतात. ते कळायला दारावर टकटक करणारं माणूसच लागतं.

एका चुलीवर किती जण?

टकटक करणाऱ्या या माणसाला प्रगणक म्हणतात. बहुतेक वेळा ते शाळेतले शिक्षक असतात. कदाचित तुमच्याच बाई किंवा सर. शहरात या सगळ्या कामाचे प्रमुख महापालिकेचे आयुक्त. जनगणनेपुरतं त्यांना नवं पद मिळतं, प्रधान जनगणना अधिकारी. मग पालिकेच्या शाळा आणि कार्यालयं या मोजणीच्या कामाला लागतात.

जुन्या मराठीत मोजणीला खानेसुमारी म्हणत. खाना म्हणजे घर आणि शुमार म्हणजे मोजणी. आपल्या देशात एकाच वेळी सगळीकडे मोजणी पहिल्यांदा झाली ती १८८१ साली. तेव्हापासून दर दहा वर्षांनी ती होत गेली. १९४१ साली दुसरं महायुद्ध चालू होतं, तरीही झाली. २०२१ची मोजणी मात्र कोरोनामुळे पुढे ढकलावी लागली. आता आहे ती २०२७ची जनगणना. तिचे दोन टप्पे. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६मध्ये, प्रत्येक राज्याला त्यातले तीस दिवस. माणसं मोजण्याचा टप्पा फेब्रुवारी २०२७मध्ये. यावेळी प्रगणकांच्या हातात कागदी तक्त्याऐवजी मोबाइल आहे. घरच्यांना स्वतः माहिती भरायची असेल तर तीही सोय आहे.

२०११मध्ये आमच्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. टळटळीत दुपार. आईने आधी पाणी दिलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही किती जण एका चुलीवर जेवता?"

मला गंमत वाटली. आमच्याकडे तर गॅस होता! पण प्रश्न फार हुशारीचा आहे. जनगणनेच्या भाषेत कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. एकाच घरात दोन भाऊ राहतात, पण स्वयंपाक वेगळा? मग कुटुंबं दोन. मावसभाऊ शिकायला तुमच्याकडे राहतो आणि तुमच्याच पानाला पान लावून जेवतो? मग तो तुमच्या कुटुंबात. आडनावाचा इथे संबंध नाही. भात कुठल्या कुकरमधला, हे महत्त्वाचं!

वायव्य कोपऱ्यातून निघा

प्रगणकांना मनात येईल तसं फिरता येत नाही. प्रत्येकाला एक गट ठरवून दिलेला असतो, साधारण सहाशे ते आठशे माणसांचा. २०११च्या मोजणीत आधी त्याचा नकाशा काढायचा होता. त्याला नजरी नकाशा म्हणतात, कारण टेपने न मोजता नजरेने बघून तो काढतात. त्यात मंदिर, मशीद, विहीर, शाळा, रस्ता अशा खुणा. राहत्या पक्क्या घराला चौकोन. कच्च्या घराला त्रिकोण. दुकान-कार्यालयाच्या आकृतीत रेघा मारायच्या.

मग घरांना क्रमांक. सुरुवात वायव्य कोपऱ्यातून. तिथून नागमोडी वळत, एकही घर न सोडता आग्नेय कोपऱ्यापर्यंत. असं का? कारण गल्ल्यांमध्ये माणूस हमखास चुकतो. एका दिशेने, एका नियमाने गेलं की घर सुटत नाही आणि दोनदाही मोजलं जात नाही.

माणसं तर सारखी हलत असतात. मग त्यांचं काय करायचं? त्यासाठी एक क्षण ठरवतात. येत्या जनगणनेत बहुतेक देशासाठी हा क्षण आहे २८ फेब्रुवारी संपून १ मार्च २०२७ सुरू होतानाचे रात्रीचे बारा. त्या क्षणी देशात जे कुणी होतं, ते मोजायचं. अकरा वाजून एकोणसाठ मिनिटांनी जन्मलेलं बाळ मोजणीत आलं. बारा वाजून एक मिनिटाने जन्मलेलं बाळ पुढच्या जनगणनेत! म्हणूनच २०११मध्ये प्रगणक १ ते ५ मार्चदरम्यान पुन्हा एकदा आपल्या गटात फिरून आले. पहिल्या फेरीनंतर ठरलेल्या क्षणापर्यंत कुठे पाळणा हलला, कुठे कुणी देवाघरी गेलं, ते विचारून त्यांनी यादी दुरुस्त केली.

हजारातले तेवीस

एवढं करूनही माणसं सुटतात. किती सुटली, हे कसं कळतं? मोजणी संपल्यावर काही निवडक गटांमध्ये दुसरी माणसं जातात आणि सगळं नव्याने मोजतात. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून ताडून बघतात. २०११च्या जनगणनेत देशभरात दर हजार माणसांमागे २३ जण मोजायचे राहिले होते, असं अशा तपासणीतून कळलं.

हजारात तेवीस म्हणजे फार नाहीत, असं वाटतं ना? आपला गुणाकार पुन्हा करून बघू. हेच प्रमाण पुण्याच्या ३१ लाख २४ हजारांना लावलं तर आकडा येतो सुमारे ७२ हजार. शहरात एका माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं, असं धरून पाणीयोजना आखतात. ७२ हजार माणसांचं पाणी होतं ९७ लाख लिटर. दहा हजार लिटरचे ९७० टँकर!

ही माणसं यादीत नाहीत, पण शहरात तर आहेत. त्यांनाही तहान लागते. मग त्यांचं पाणी येतं कुठून? सगळ्यांच्या नळाची धार थोडी बारीक होऊन. शाळेतल्या बाकांचं तसंच, दवाखान्यातल्या खाटांचं तसंच. पालिकेच्या वॉर्डांच्या हद्दीसुद्धा याच आकड्यांवरून आखतात. यादीत न आलेल्या माणसाचा वाटा कागदावर कुठेच दिसत नाही.

सुटतात कोण? कामासाठी गाव सोडून आलेली आणि आज इथे तर उद्या तिथे राहणारी माणसं. वसतिगृहात राहणारी मुलं. आणि तान्ही बाळं! "घरात किती जण?" असं विचारलं की मोठी माणसं मोठ्यांचीच नावं सांगतात आणि पाळण्यातलं बाळ विसरतात.

काही जण मुद्दाम सांगत नाहीत, कारण त्यांना भीती वाटते. माहिती पोलिसांकडे गेली तर? कर वाढला तर? या भीतीवर १९४८ सालच्या जनगणनेच्या कायद्यातच उत्तर आहे. तुम्ही दिलेली माहिती दुसऱ्या कुणाला दाखवता येत नाही आणि कोर्टात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. बाहेर येतात ते फक्त एकत्र केलेले आकडे. हे घरातल्या सगळ्यांना सांगा.

दिवा कशाचा?

घरयादीच्या टप्प्यात यावेळी ३३ प्रश्न आहेत. भिंत कशाची, पाणी कुठून येतं, घरात मुख्य धान्य कोणतं खातात. आणि त्यात एक माझा लाडका प्रश्न आहे. घरात उजेडाचं मुख्य साधन कोणतं?

या एका प्रश्नाची उत्तरं ओळीने लावली की देश उजळताना दिसतो. २००१मध्ये भारतातल्या शंभर घरांपैकी ५६ घरांत विजेचा दिवा होता आणि ४३ घरांत रॉकेलचा. २०११मध्ये विजेची घरं ६७ झाली आणि रॉकेलची ३१ उरली. महाराष्ट्रात त्या वर्षी शंभरातली ८४ घरं विजेवर होती, गोव्यात ९७. उरलेल्या घरांपैकी कितीतरी घरांत एखादी मुलगी चिमणीच्या धुरात डोळे चोळत अभ्यास करत असेल. ती कुठे राहते, हे आधी कळलं तरच तिच्या दारापर्यंत खांब आणि तार नेता येते.

खांबालाही नंबर असतो

शहरं आपले दिवेही मोजतात आणि वेळ आली की बदलतातही. १२ ऑक्टोबर २०१४ला विशाखापट्टणमवर हुदहुद नावाचं चक्रीवादळ आदळलं. झाडं पडली, खांब मोडले, शहर अंधारात बुडालं. तिथल्या महापालिकेने ठरवलं की जुने दिवे परत लावायचे नाहीत. रस्त्यांवरच्या नव्वद हजारांहून जास्त दिव्यांच्या जागी एलईडी बसले आणि त्यांची वीज निम्म्याच्या आसपास आली. जानेवारी २०१५पासून देशभर अशीच मोहीम चालू झाली आणि आजवर १ कोटी ३० लाखांहून जास्त दिवे बदलले गेले.

तुमच्या गल्लीतल्या दिव्याचा खांब नीट बघा. त्यावर बहुतेक एक क्रमांक रंगवलेला असेल. दिवा बंद पडला किंवा भर दुपारी जळत राहिला, तर पालिकेला तो क्रमांक कळवायचा. "आमच्या कोपऱ्यावरचा" असं सांगितलं तर माणूस शोधत फिरेल. क्रमांक सांगितला की थेट येईल.

अशा बचतीच्या कामात पालिका घराघरांनाही सामील करून घेते. पुणे महापालिका सौर ऊर्जेवर पाणी तापवणाऱ्या, पावसाचं पाणी साठवणाऱ्या किंवा गांडूळखत करणाऱ्या घरांना मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. तुमच्या सोसायटीने ती घेतली आहे का? विचारा बरं.

तुमच्यासाठी चार कामं

पहिलं: सुट्टीच्या दिवशी मोठ्यांबरोबर मीटरचा प्रयोग करा. कोणती वस्तू चालू असताना ठिपका किती सेकंदांनी लुकलुकतो, त्याचा तक्ता करा. आणि लपलेला चोर शोधा.

दुसरं: आपल्या गल्लीचा नजरी नकाशा काढा. वायव्य कोपऱ्यातून निघा. चौकोन, त्रिकोण, रेघा. दिव्यांचे खांबही दाखवा, क्रमांकासकट.

तिसरं: प्रगणक आले की आधी पाणी द्या. ते उन्हातून शेकडो दारं फिरून आलेले असतात.

चौथं: घरातले मोठे नावं सांगत असतील तेव्हा शेजारी बसा आणि कान देऊन ऐका. पाळण्यातल्या बाळाचं नाव आलं का? गावाहून राहायला आलेल्या आत्याचं? रात्री आपल्याच घरी झोपणाऱ्या आणि आपल्याबरोबर जेवणाऱ्या दादाचं? कुणी राहिलं तर सांगा. हे काम मुलं फार छान करतात, कारण मुलांना सगळ्यांची नावं पाठ असतात.

आणि आता एका रात्रीबद्दल सांगते. ज्यांना दार नाही, त्यांच्या दारावर टकटक कशी करणार? २०११मध्ये त्यासाठी २८ फेब्रुवारीची रात्र ठरवली होती. शहर निजल्यावर प्रगणक बाहेर पडले. रेल्वे फलाटांवर, पुलांखाली, देवळांच्या पायऱ्यांवर, फुटपाथवर. जिथे माणसं झोपली होती, तिथे ते वाकून हळू आवाजात नाव-गाव विचारत होते. देशभरात १७ लाख ७० हजारांहून जास्त बेघर माणसं तेव्हा नोंदली गेली.

मला ते दृश्य डोळ्यांसमोर दिसतं. रस्त्यावरचा एक दिवा, त्याच्या खांबावर रंगवलेला क्रमांक. त्याच्या उजेडात गोधडी पांघरून झोपलेलं एक कुटुंब, आई, बाबा आणि दोन मुलं. खांबाचा नंबर पालिकेच्या वहीत केव्हाचा होता. त्या रात्री त्याच उजेडात कुणीतरी वही उघडली आणि त्या चौघांना लिहून घेतलं.